मार्जिनमध्ये कार्प तोंडाऐवजी अंगाला लागतोय? रिगला हात लावण्याआधी हे तपासा

उन्हाळ्यातल्या मॅचमध्ये, म्हणजे गळाने मासे धरण्याच्या स्पर्धेत, ही अडचण पुन्हा पुन्हा येते. शेवटचा दीड तास उरलेला असतो. तुम्ही लांबची जागा सोडून मार्जिनला, म्हणजे काठालगतच्या उथळ पाण्यात वळता. मासे आलेत हे डोळ्यांना दिसतंय: पाणी गढूळलेलं, मधूनच एखादी शेपटी वर, फ्लोट (ओढ दाखवणारा पाण्यावरचा तरंगा) क्षणभरही स्वस्थ नाही. पोल (रीळ नसलेली लांब काठी) उचलता, तिच्या टोकातलं इलास्टिक सणसणत बाहेर जातं आणि थोड्याच वेळात सगळं सैल पडतं. हूक परत येतो तो टोकाला खवला घेऊन. पुन्हा टाकता, पुन्हा तेच. पलीकडच्या पेगवरचा (ठरवून दिलेल्या जागेवरचा) माणूस शांतपणे एकेक मासा उचलतोय आणि तुमच्यासमोर त्याच्यापेक्षा जास्त मासे असूनही तुमच्या कीपनेटमध्ये, म्हणजे धरलेले मासे ठेवायच्या जाळीत, भर पडत नाही.

गळ तोंडात न लागता पोटाला, परांना किंवा शेपटीच्या बुडाशी लागला की इथे सगळे त्याला फाउल म्हणतात, आपणही तेच म्हणू. मी बोलतोय ते इंग्लंडमधल्या कमर्शियल तळ्यांबद्दल: वॉरिकशायरमधलं टनेल बार्न फार्म, वोल्वीचं मेकिन्स, डॉनकास्टरकडचं लिंडहोम, अशा जातीची तळी. मुद्दाम खोदलेली, मासे दाट सोडलेली, ठरावीक अंतरावर लाकडी प्लॅटफॉर्म असलेली. मासा म्हणजे कॉमन आणि मिरर कार्प. उजनीच्या काठावर मच्छीमार ज्याला सायप्रिनस म्हणतात तोच हा. शिवाय एफ-वन नावाचा कार्पचा संकर.

या अडचणीवर मिळणारा पहिला सल्ला बहुतेक वेळा रिगचा, म्हणजे लाइन, फ्लोट, शिसं आणि हूक यांच्या जुळणीचा असतो. हूक बदल, फ्लोट बदल, हूकलेंथ, म्हणजे हूक बांधलेला लाइनचा शेवटचा तुकडा, आखूड कर. माझं मत उलट आहे आणि ठाम आहे. फाउल लागण्याचं मूळ जवळजवळ नेहमी चाऱ्यात असतं, काही वेळा जागेत असतं आणि रिगमध्ये सगळ्यात कमी असतं. मासे तुमच्या जागेवर आहेत, पण तळाशी डोकं घालून खात नाहीयेत. त्यांना तळाशी बसवलं की तीच रिग तोंडात लागायला लागते. बसवलं नाही, तर जगातली कुठलीही रिग टाका, पोल उचलताच ती कुणाच्या तरी अंगावरून घासत येणार.

नुकसान किती होतं हे नीट समजून घ्या, कारण त्यावरून किती घाई करायची ते ठरतं. तोंडात नीट लागलेला सहा-सात पौंडांचा कार्प जाड इलास्टिक आणि पुलर (इलास्टिक हाताने मागे ओढून घ्यायची सोय) असेल तर एक-दोन मिनिटांत जाळीत येतो. पोटाला लागलेला तोच मासा दुप्पट-तिप्पट वेळ खातो, बऱ्याचदा सुटतोच, आणि जाताना बाकीच्या माशांमधून असा सुसाट निघतो की त्यांनाही घेऊन जातो. ते परत येऊन खायला लागेपर्यंत आणखी काही मिनिटं गेली. म्हणजे एका फाउलमागे नीट लागलेले दोन-तीन मासे जातात. शेवटच्या दीड तासात असं चार-पाच वेळा झालं तर सेक्शन, म्हणजे तुमच्या पेगांच्या गटातली जीत, हातची जाते.

आधी एक गोष्ट बाद करा: अंडी घालण्याचा काळ

मेच्या अखेरीपासून जूनमध्ये, पाणी साधारण १७ ते २० अंशांवर गेलं की कार्प अंडी घालायला नेमके काठच्या गवतात आणि लव्हाळ्यात येतात. एका मादीमागे तीन-चार नर, धडाधड आदळआपट, पाणी काठावर उडतंय. हे मासे खात नसतात. त्यांच्यात रिग टाकली तर जे लागेल ते अंगालाच लागेल. इथे उपाय शोधत बसू नका, तिथे मासे धरूच नका. जागा सोडा आणि खोल पाण्यात, लांब जा. मासा त्या वेळी आधीच थकलेला आणि खरचटलेला असतो. त्याला वर आणखी हूकची जखम देणं वाईट आहे, मग मॅच कितीही महत्त्वाची असो.

खाणाऱ्या माशांची हालचाल वेगळी असते. गढूळपणा तळातून ढगासारखा वर येतो, बारीक बुडबुड्यांचे पुंजके फुटतात, शेपटी दिसलीच तर सावकाश, उभी, पंख्यासारखी हलते. आदळआपट नसते.

खवला वाचायला शिका

हूकवर आलेला खवला झटकून टाकू नका. दोन सेकंद बोटावर घेऊन बघा. कॉमन कार्पच्या पाठीचे खवले मोठे आणि गडद असतात, कडेला काळपट-तपकिरी झाक असते. पोटाकडचे लहान, फिकट, पिवळसर-पांढरे, जवळजवळ पारदर्शक. शेपटीच्या बुडाजवळचे लहान पण रंगाने अधिक गडद.

फिकट खवला म्हणजे मासा तुमच्या हूकच्या वरून जात होता. तळावर मासेमारी चालू असताना पुन्हा पुन्हा फिकट खवले येत असतील तर मासे तळापासून वर तरंगताहेत आणि त्यांच्या पोटाखाली तुमचं आमिष एकटं पडलंय. हा चाऱ्याचा दोष. पाठीचा गडद खवला म्हणजे हूक माशाच्या वर होता: रिग खाली पोचण्याआधीच तुम्ही उचललीत, किंवा खोली चुकून आमिष तळाच्या वर लटकतंय. शेपटीजवळचे खवले येत असतील तर मासे तळाशी आहेत, खाताहेतही, पण इतक्या दाटीने की त्यांच्या शेपट्या लाइनवर आपटताहेत आणि तुम्ही त्या धक्क्याला फसताय. इथे चारा बरोबर आहे, हात चुकतोय.

मिरर कार्पच्या अंगावर खवले मोजकेच असतात, तेव्हा खवला आला नाही म्हणून मासा तोंडात होता असं समजू नका. तिथे माशाच्या पळण्यावरून ओळखायचं. तोंडात लागलेला मासा डोकं झटकतो, ते झटके पोलमधून हाताला जाणवतात. अंगाला लागलेला न झटकता सरळ एका दिशेला धावत सुटतो. शेपटीला लागलेला आधी मेल्यासारखा जड येतो आणि मग एकदम उसळतो.

असं होतं तरी का

कार्पच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. तोंड नळीसारखं पुढे काढून तो पाण्यासकट घास आत ओढतो, नको ते बाहेर फुंकतो. डोकं खाली, शेपटी वर असा तिरका उभा राहून खातो तेव्हा त्याचं तोंड तळाशी आणि धड वर, लाइनपासून जरा बाजूला असतं. पण चारा पाण्यात अर्ध्यावर तरंगत असेल तर तो आडवा राहतो आणि मिळेल त्या थरात फिरत कण टिपतो. अशा पाच-सहा आडव्या माशांच्या मधून तुमची लाइन उभी गेलेली असते. पर लागला की फ्लोट बुडतो. तुम्हाला वाटतं बाइट. ती खोटी ओढ असते.

आता खोलीचा हिशेब करा. दहा पौंडांचा कार्प पाठीपासून पोटापर्यंत साधारण एक वीत असतो. दीड-दोन फूट पाण्यात असे मासे एकावर एक फार तर दोन थरांत मावतील. चार फुटांत चार-पाच थर. म्हणून मार्जिन जितकी खोल, तितकी फाउलची शक्यता जास्त. उलट फूटभराहून कमी पाण्यात मोठा मासा बिचकतो, पाठ उघडी पडते, सावलीनेसुद्धा पळतो. दीड ते दोन फूट ही मला सर्वांत भरवशाची खोली वाटते.

जागा: हे काम सकाळचं

मॅच चालू झाल्यावर मार्जिनचा तळ शोधणं म्हणजे उशीर झाला. सगळे मासेमारीला लागण्याआधी प्लमेट (खोली मोजायला हूकला लावायचं वजन) लावून काठाकाठाने तपासायचं. फक्त खोली मोजून थांबू नका, सपाटी शोधा. बहुतेक तळ्यांचा काठ आधी उतरता असतो आणि मग छोटी पायरी येते. उतारावर टाकलेला चारा घरंगळतो, मासे त्याच्यामागे खाली सरकतात, तुमचा हूक मात्र वर राहतो. ताटाएवढी सपाट जागा पुरते, पण ती हवी. प्लमेट एका ठिकाणी टेकवा, मग वीतभर डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे. फ्लोटची टोकं पाचही ठिकाणी सारखी दिसली तर जागा मिळाली.

गाळही तपासा. हलका प्लमेट लावून एकदा मोजा, जड लावून पुन्हा. दोन्हींत दोन-तीन इंचांचा फरक आला तर तळ मऊ आहे आणि तुमचं आमिष गाळात रुतणार. कार्प मग तोंडाने गाळ उपसतो, आमिष उडतं, हूक मोकळा भटकतो. थोडं सरकून कडक तळ शोधा. मासे जिथे रोज खातात तिथला तळ बहुधा कडक आणि स्वच्छ झालेला असतो.

डावीकडे एक आणि उजवीकडे एक, अशा दोन जागा तयार ठेवता आल्या तर फार बरं. शेजारचा पेग रिकामा असेल तर त्या बाजूला जास्त लांब जायचा मोह होतो, पण किती लांब जायची परवानगी आहे ते नियमांत आधी बघा. मासा प्लॅटफॉर्मपासून जितका दूर, तितका निवांत खातो. पायाशी मासे आले तरी तिथे ते दचकत खातात आणि दचकलेला मासा म्हणजे फाउलची तयारीच.

चारा: खरी दुरुस्ती इथे

सकाळी, वेळ असताना, एक चाचणी करा. पायाशी पाणी स्वच्छ असेल तिथे, नाहीतर पारदर्शक डब्यात पाणी घेऊन, मूठभर चारा सोडा आणि बघत राहा. काय खाली जातं, किती वेगात जातं, आणि खाली गेल्यावर काय परत वर येतं? ग्राउंडबेट (पाण्यात कालवायचा भुकटीचा चारा) कोरडं राहिलं असेल तर त्यातून कण सुटून वर चढताना दिसतील, मधल्या पाण्यात धुकं पसरेल. लांबच्या जागी माशांना ओढून आणायला हे धुकं कामाचं असेल. मार्जिनमध्ये ते तुमचा शत्रू आहे, कारण मासा त्या धुक्याबरोबर वर उठतो.

मार्जिनसाठी ग्राउंडबेट गरजेपेक्षा जास्त ओलं करायचं. आदल्या रात्री भिजवून ठेवलं तर उत्तमच. सकाळी पुन्हा पाणी घालायचं, इतकं की मुठीत दाबलं की पाणी बोटांतून येईल. दिसायला चिखल वाटेल. असं ग्राउंडबेट दगडासारखं तळाशी जातं आणि तिथेच बसून राहतं, वर काही सोडत नाही. त्यात मेलेल्या अळ्या. जिवंत अळी मार्जिनला टाकू नका: ती गाळात शिरते, तिला शोधत मासे सगळीकडे उकरत सुटतात आणि जागा विस्कटते. अळ्या गोठवून मारताना पिशवीतली हवा नीट काढून टाका, नाहीतर त्यातल्या काही तरंगतात.

२ मिलिमीटरच्या मायक्रो पेलेट्सवर (चाऱ्याच्या बारीक गोळ्यांवर) माझा मार्जिनमध्ये विश्वास नाही. नीट भिजवल्या तरी त्या इतक्या हलक्या की माशाच्या शेपटीच्या एका फटक्याने सगळ्या पाण्यात उठतात आणि बघता बघता मासेही त्यांच्यामागे वर. मका, ६ मिलिमीटरच्या कडक पेलेट्स, मांसाचे तुकडे हे जड आणि मोठे. उडाले तरी लगेच खाली बसतात. कॅस्टर (अळीचे कोष) वापरत असाल तर आधी पाण्यात टाकून तरंगणारे गडद कॅस्टर काढून घ्या. तळ्याच्या नियमांत ग्राउंडबेटची मर्यादा किंवा फक्त तिथल्याच पेलेट्सची सक्ती असू शकते, ते बघून ठरवा.

चारा कसा टाकता यालाही तितकंच महत्त्व आहे. हाताने वरून भिरकावलेले दाणे पाण्यावर आपटतात, त्या आवाजाला मासे वर बघायला शिकतात. शॅलो मासेमारीत, म्हणजे पाण्याच्या वरच्या थरात मासे धरताना, आपण हेच मुद्दाम करतो. मार्जिनला याच्या उलट हवं. मोठा कप पोलला लावा, त्याचा तळ पाण्याला टेकेपर्यंत खाली न्या आणि सावकाश उलटा.

आता मॅचमध्ये फाउल लागायला लागले की काय बदलायचं? दृश्य बघून ठरवा.

गढूळपणा दाट, शेपट्या भरपूर आणि चारा टाकताच सगळं उधळून निघतंय, तर मासे जास्त आणि चारा कमी आहे. इथे लोक घाबरून चारा आणखी कमी करतात आणि घोळ वाढतो. उपाशी, चढाओढीत असलेले मासे घास खाली बसायच्या आधी वरच झेलतात. दोन मोठे कप भरून एकदम टाका. तळाशी सगळ्यांना पुरेल एवढं अन्न पडलं की डोकी खाली जातात. लगेच त्यावर रिग ठेवा. एक मासा आला की पुन्हा भरलेला कप.

गढूळपणा नाही, शेपटी नाही, पण फ्लोट सारखा थरथरतोय, मध्येच झुकतोय, पाण्यात सावल्या सरकताहेत, तर मासे मधल्या थरात आहेत. चारा तरंगतोय किंवा उंचावरून पडतोय. पेलेट्स आणि हाताने टाकणं पूर्ण बंद करा. काही मिनिटं जागेला हात लावू नका, दुसऱ्या बाजूला जा. मग तोच ओला चिखल, थोडा, अलगद.

पहिला मासा तोंडात, पुढचे दोन फाउल, थोडा वेळ शांतता, पुन्हा एक तोंडात: असं चक्र असेल तर तुम्ही घाई करताय. प्रत्येक माशानंतर जागा उधळते, परत आलेले मासे आधी वर घुटमळतात आणि मग बसतात. तेवढा वेळ द्या. पोलच्या टोकावरच्या छोट्या कपने एका माशापुरता चारा टाका म्हणजे एका वेळी एक-दोनच मासे येतील. मासे पाच-सहा पौंडांच्या वर असतील आणि तळं फार दाट नसेल तर मी हीच पद्धत आधी वापरतो. गर्दी जमवायची आणि मग तिला आवरायचं, यापेक्षा गर्दी होऊच न देणं सोपं.

चौथी गोष्ट म्हणजे हवा. वारा अजिबात नाही, ऊन कडक, आणि मासे पाठ वर काढून तळंभर हिंडताहेत, अशा दिवशी ते मार्जिनला येतात पण खाली उतरत नाहीत. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: १० अंशांना लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम, २५ अंशांना ८ च्या थोडं वर. अशा दिवशी जबरदस्तीने मार्जिन चालवण्यात अर्थ नाही. वारा सुटून तुमच्या काठावर पाणी ढकललं जायला लागलं तर परत बघा.

रिग: चारा नीट झाल्यावर

लाइनचा जो भाग आमिषाच्या वर सरळ उभा असतो, तोच परांना अडकतो. म्हणून खोलीपेक्षा दोन-तीन इंच जास्त ठेवा. शेवटचा तुकडा तळावर पडून राहील. हूकलेंथ चार इंच. शिशाचे मणी एकत्र, हूकलेंथच्या जरा वर, म्हणजे रिग मधल्या थरात रेंगाळत नाही. फ्लोट ०.३ ते ०.४ ग्रॅमचा, दणकट, आणि त्याचा ब्रिसल (पाण्यावर दिसणारं टोक) जाड. लांबच्या जागी आपण ब्रिसल ठिपक्याएवढा ठेवतो; इथे तसं केलं तर माशाने पाणी हलवलं तरी तो बुडेल आणि तुमचा हात उठेल. अर्धा सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त वर दिसू द्या. धक्क्याने तो डोलेल, झुकेल, पण बुडेल तो खऱ्या ओढीनेच.

आमिष मोठं आणि जड घ्या. मऊ ४ मिलिमीटरची एक्सपांडर पेलेट पाण्याच्या साध्या हेलकाव्यानेही उडते. मक्याचे दोन दाणे किंवा १४ नंबरच्या बार्बलेस (उलटा काटा नसलेल्या) हूकवर आठ-दहा मेलेल्या अळ्यांचा झुपका जागेवर राहतो, आणि आत घ्यायला माशाला तोंड नीट उघडावं लागतं. बाकी मेन लाइन ०.१९ मिलिमीटर, हूकलेंथ ०.१७ मिलिमीटर, इलास्टिक जाड आणि पोकळ. यात फार खल करण्यासारखं काही नाही.

हात

बाकी सगळं नीट करूनही ज्यांना फाउल लागतात, त्यांचं इथे चुकत असतं. फ्लोट बुडाला आणि परत आला तर हात हलवायचा नाही. फ्लोट आडवा सरकला तर हलवायचा नाही. फ्लोट गेला, गेलेलाच राहिला आणि टोकाशी इलास्टिक ताणलं जाताना दिसलं, तर मासा स्वतःच लागलाय, फक्त पोल उचलायचा. हे लिहायला सोपं आहे. समोर पाणी उकळल्यासारखं होत असताना, घड्याळात चाळीस मिनिटं उरलेली असताना हात आवरणं हीच मार्जिनमधली सगळ्यात अवघड कला आहे. ज्यांना ती जमते ते शेवटच्या तासात मॅच फिरवतात.

पोल उचलतानाही आडवा ओढू नका. आडवा ओढला की हूक सगळ्या माशांमधून फरफटत जातो. सरळ वर, चार-सहा इंच, एवढंच. काही लागलं नाही तर रिग त्याच जागी परत बसते आणि मासे फारसे दचकत नाहीत. पोलचं टोक आणि फ्लोट यांच्यात लाइन आखूड ठेवली की हे आपोआप जमतं.

रिग पाण्यात उतरताना, तळाला पोचायच्या आधीच, फ्लोट आडवा पळत असेल तर मासे वर उठून वाट बघताहेत. रिग माशांच्या डोक्यावर टाकू नका. जागेच्या पलीकडे काठाला चिकटून उतरवा आणि तळाला लागल्यावर हळूच जागेवर ओढून आणा.

तरीही फाउल लागलाच तर

धावू द्या. पहिल्या धावेला पुलरने ओढलं की हूक खवल्यासकट सुटतो. पोल खाली, पाण्याजवळ, आणि दिशा अशी की मासा मार्जिन सोडून मोकळ्या पाण्यात जाईल. तो सुटला तरी जागा वाचली पाहिजे. धाव थांबली की मग पुलर, थोडं थोडं. हा मासा डोक्याने पुढे येत नाही, आडवा येतो, म्हणून लँडिंग नेट मोठं हवं आणि ते पूर्ण त्याच्याखाली नेऊन मगच उचलायचं. बार्बलेस हूक बोटानेच निघतो. हात ओले असू द्या, मासा जाळीतच ठेवा, जखम झालेल्या जागी बोट लावू नका. असा मासा वजनात धरतात का, हे त्या मॅचच्या नियमांत बघून ठेवा. कीपनेटची मर्यादाही लक्षात असू द्या. कुठे ५० पौंड, कुठे ६०, कुठे ८०. मर्यादेच्या वर गेलेलं वजन हातचं जातं आणि गर्दीत मासेही गुदमरतात, तेव्हा मोजायचं क्लिकर जवळ असू द्या.

एफ-वनसाठी थोडा वेगळा विचार लागतो. टनेल बार्नसारख्या अरुंद, वळणावळणाच्या तळ्यांवर तो मुख्य मासा आहे. त्याची ओढ बारीक असते, आमिष आत घेऊन लगेच थुंकतो. तिथे कार्पसारखं फ्लोट जायची वाट बघत बसाल तर हाती काही लागणार नाही. फ्लोट किंचित खाली गेला तरी उचलावंच लागतं. मग फाउल टाळायचे कसे? चाऱ्याच्या प्रमाणाने. छोट्या कपमधून चिमूटभर, प्रत्येक वेळी, मोठा कप कधीच नाही. एफ-वन थव्याने वर उठतो आणि एकदा उठला की खाली आणणं कठीण.

शॅलो मासेमारीत फाउल येत असतील तर खवल्याचा नियम तिथेही चालतो, आणि जास्त झटपट चालतो: पोटाचे फिकट खवले आले तर मासे हूकच्या वर आहेत, रिग चार-सहा इंच उथळ करा; पाठीचे गडद आले तर तेवढीच खोल.

आणि वरचं सगळं करून वीस मिनिटांत फरक पडला नाही, तर ती मार्जिन सोडा. पाच मीटरवर, मार्जिनच्या उताराच्या पायथ्याशी, सकाळपासून अधूनमधून थोडा मका टाकून ठेवलेला असावा तो याचसाठी. मार्जिनमधून उधळलेले मासे बऱ्याचदा तिथेच येऊन थांबतात, तिथे निवांत खातात, आणि शेवटच्या शिट्टीआधी दोन-चार मासे तोंडात लागून मिळतात. शिट्टी वाजण्याआधी लागलेला मासा बहुतेक ठिकाणी धरला जातो, पण तो जाळीत घ्यायला ठरावीक मिनिटंच मिळतात. शेवटच्या क्षणी फाउल लागलेला मोठा कार्प तेवढ्या वेळात येईलच असं नाही. त्यामुळे शेवटची पाच मिनिटं मार्जिनला परत जायचा मोह झाला तरी मी पाच मीटरवरच राहतो.